देवांची मोजणी

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. लांबून हात जोडलेला नाही, चांगला खाली वाकून केलेला, कारण या वेळी तुझ्याकडे काम मोठं आहे.

फोनच करणार होते. पण फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ते तू कबूलही करत नाहीस. मागच्या रविवारी मी लग्न ठरल्याचं सांगितलं, तू बराच वेळ हो-हो केलंस आणि शेवटी विचारलंस, नोकरी कशी चाललीय. म्हणून आता लिहून कळवते. माझं लग्न ठरलंय. पंचवीस मे. मुलगा आमच्या चष्म्याच्या दुकानासमोरच्या दवाखान्यात दात काढतो. सहा महिने तो आठवड्याला एकदा नजर तपासायला येत होता. नजर अगदी ठणठणीत आहे, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्यांचा धर्म वेगळा. घरात मूर्ती नसतात, आठवड्यातून एकदा सगळे मिळून प्रार्थनेला जातात. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून सासरे तिकडे फिरकलेले नाहीत. ते सुतार आहेत. परवा त्यांनी मला कारखान्यात बोलावलं, पायाखालचा भुसा पायानेच बाजूला सारला, स्टूल दिलं आणि म्हणाले, "तू येताना तुझे देव आणणार असशील. त्यांना घर मी बांधणार. किती जण राहणार आहेत, उंची काय, तोंड कुठल्या बाजूला, ते सांग."

मामा, मला काही म्हणजे काही येत नाही. आईला विचारलं तर तिने हात वर केले. म्हणाली, मामाला विचार, देव त्याच्याकडे आहेत.

मामीने दवाखान्यात मला सांगितलं होतं, आठवतंय ना? "बटण, माझे देव तुला." तू पलंगाच्या पायाशी उभा होतास आणि मान हलवली होतीस. तेव्हा तेच देव मी घेऊन येणार, असं मी सासऱ्यांना सांगून बसलेय. चालेल ना?

पाचांचीही मापं पाठव. चौतीस वर्षं तू लोकांच्या जमिनी मोजल्यास, एवढं तुझ्या डाव्या हातचं.

तुझीच,
बटण

◆

१५ फेब्रुवारी

चि. बटण हिला, टेपच्या दोन्ही टोकांकडून आशीर्वाद.

लग्नाचं मला फोनवर स्वच्छ ऐकू आलं होतं. तू दातवाल्याबद्दल आणखी काय सांगतेस ते बघत होतो.

सुतारबाबांना माझा नमस्कार सांग. प्रश्न नेमके विचारलेत, माणूस कामाचा दिसतो. क्रमाने घेऊ.

राहणारे किती? ऐकणारा इथेच गोंधळतो. कोणी सांगतं देव एक, कोणी सांगतं तेहेतीस कोटी. त्यांना माझ्या धंद्यातलं उदाहरण दे. एकाच जमिनीचे माझ्या टेबलावर चार-चार नकाशे असायचे. एकात चढउतार, एकात पाण्याच्या वाटा, एकात रस्ते, एकात कोणाची हद्द कुठे संपते ते. म्हणून जमिनी चार झाल्या का? तसंच हे. आहे ते एकच. ज्याला नवीन कामाची धास्ती वाटते तो त्याला गणपती म्हणतो. ज्याला लेकराचे लाड करावेसे वाटतात तो बाळकृष्ण म्हणतो, ज्याला घरात कोणी उपाशी राहू नये असं वाटतं तो अन्नपूर्णा म्हणतो. ज्याने त्याने आपला नकाशा निवडावा, त्याला इष्टदेवता म्हणायचं. आणि काहींना नकाशाच नको असतो. ते म्हणतात, त्याला रूप नाही, रंग नाही, नाव नाही. त्यांनाही आपण घराबाहेर काढत नाही. आमच्या कचेरीत तर देव मुळीच न मानणारा एक जण होता आणि तोही स्वतःला बिनदिक्कत हिंदू म्हणवायचा. आपला कोणी एक संस्थापक नाही, एकच एक पुस्तक नाही, सभासद व्हायला अर्ज नाही. त्यामुळे काढून टाकायचं म्हटलं तरी कोणी कोणाला काढायचं, हा प्रश्नच असतो.

तोंड कुठे? पूजा करणाऱ्याचं तोंड पूर्वेला असावं असं म्हणतात, उगवतीकडे. नसेल जमत तर नसो. खिडकी बघून ठेवा म्हणावं.

आता मापं. गणपती, उंची अकरा सेंटिमीटर, घेर चौदा. देवी, उंची बारा, घेर चौदा. अन्नपूर्णा, उंची दहा, घेर साडेचौदा. बाळकृष्ण, उंची नऊ, घेर चौदा. महादेवाची पिंडी, उंची आठ, घेर पंधरा. शंख आणि घंटा वेगळी.

माझं उत्तम चाललंय. सकाळी फिरणं, मग आंघोळ, पूजा, चहा, पेपर. काळजी नसावी.

तुझा मामा

ता. क. देव तुझेच आहेत. शब्द दिलाय.

◆

२७ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र मी सासऱ्यांना उभ्याउभ्याच वाचून दाखवलं. नकाशांचं ऐकून त्यांनी रंधा खाली ठेवला. "आणि बरोबर नकाशा कुठला?" म्हणाले. मी तुझ्या वतीने ठोकून दिलं, ज्याने घरी पोचता येतं तो. शोभलं ना तुझ्या भाचीला?

पण मापांच्या कागदाशी ते बराच वेळ बसून होते. कानामागची पेन्सिल काढली, आकड्यांखाली रेघा मारल्या. "पाचांचाही घेर सारखाच?" मी म्हटलं, माझ्या मामाने आयुष्यात एक मोजणी चुकवलेली नाही, त्याच्या मापावर दोन कोर्टांत निकाल लागलेत. ते "बरं" म्हणाले आणि डिंकाचं भांडं ढवळत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवे प्रश्न दिले. मी जसेच्या तसे उतरवते.

एक. देवांना आंघोळ घालतात असं ऐकलंय. किती पाणी लागतं, ते कुठे पडतं, लाकडाला लागतं का?

दोन. दिव्याची ज्योत किती उंच जाते? वर किती जागा सोडली म्हणजे छत काळं होणार नाही? अंदाज नको, मोजून सांगा.

तीन. मूर्ती म्हणजेच देव, असं तुम्ही मानता का? तसं असेल तर मी खोली बांधतोय. नसेल तर कपाट. दोन्हीचे सांधे वेगळे.

तिसऱ्यावर मी म्हटलं, मामा पानभर लिहील. ते म्हणाले, "पहिली दोन उत्तरं जास्त महत्त्वाची आहेत."

आणि हा माझा प्रश्न. तू फुलं कुठली वाहतोस? मामी बाल्कनीतल्या कुंड्यांतली पांढरी खुडायची. त्या कुंड्या अजून आहेत का?

बटण

◆

१० मार्च

चि. बटण,

उत्तराला उशीर झाला, कारण मोजायचं म्हणजे मोजायचं.

आधी एक दुरुस्ती. पहिल्या मापांत थोडी गफलत झाली होती, कशी ते विचारू नकोस. नवीन मापं घे. गणपती, उंची साडेनऊ, घेर अकरा. देवी, उंची साडेदहा, घेर नऊ. अन्नपूर्णा, उंची आठ, घेर सात. बाळकृष्ण रांगता आहे हे मी लिहायलाच विसरलो. उंची पाच, लांबी सहा. पिंडी, उंची सहा, घेर तेरा. ही मापं मी प्रत्येकी तीनदा घेतलीत. पहिली फाडून टाका म्हणावं.

पाणी. केवळ मोजणीसाठी म्हणून पाचही जणांना ताम्हनात बसवलं. ताम्हन म्हणजे ती तांब्याची पसरट थाळी, त्यांना समजावून सांग. सगळे काळवंडले होते, म्हणून आधी लिंबू आणि मीठ चोळलं. बाळकृष्णाच्या पाठीवरचा डाग निघता निघेना. जुना दात घासायचा ब्रश घेतला तेव्हा कुठे निघाला. एकूण पाणी सव्वा लिटर, त्यातलं ताम्हनाबाहेर सांडलेलं साधारण अर्धा कप. सवय असलेल्या माणसाच्या हातून इतकंही सांडणार नाही. ओले देव तसेच कसे ठेवायचे, म्हणून पुसले. पुसल्यावर उघडेबोडके दिसायला लागले, म्हणून गंध लावलं. तुझ्या मामीची सहाण ओट्याखाली मिक्सरच्या मागे सापडली.

ज्योत. निरांजन लावून बाजूला पट्टी उभी केली. पंखा बंद. पहिल्या मिनिटाला साडेतीन सेंटिमीटर, पाचव्या मिनिटाला तीन, मग स्थिर. वर वीस सोडा. हा प्रयोग मी लागोपाठ चार सकाळी केला. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबून राहणं माझ्या स्वभावात नाही.

आता मूर्ती म्हणजे देव का. नाही आणि हो. धातू तो धातूच. पण पूजेची सुरुवातच आवाहनाने होते. म्हणजे म्हणायचं, ये, इथे बस. बोलावलं की तो आला असं धरायचं. मूर्ती नसेल तर साध्या सुपारीतही बोलावता येतं, तो काही मानपान धरत नाही. आणि एकदा आला की आपण घरी आलेल्या माणसाचं जे करतो ते सगळं करायचं. बसायला आसन, पाय धुवायला पाणी, आंघोळ, वस्त्र, गंध, फूल, उदबत्ती, दिवा, जेवण. असे सोळा उपचार आहेत. आणि एवढं सगळं करून त्याला अरे-तुरे करायचं. जगात आपण आईला आणि देवालाच बिनदिक्कत "अगं", "अरे" म्हणतो.

कुंड्या आहेत. तीन रिकाम्या, एकीत काहीतरी हिरवं आहे. बघतो.

मामा

◆

२२ मार्च

मामा,

तुझं पत्र वाचताना सासरे दोनदा हसले. ते हसतात हे त्यांच्या मुलालाही नवीन होतं. "म्हणजे हा सगळा पाहुणचार आहे," म्हणाले. "मग मी कपाट बांधत नाही. बैठकीची खोली बांधतोय." नवीन मापांचा कागद त्यांनी भिंतीवर खिळ्याला अडकवलाय. जुना मात्र फाडला नाही, घडी करून खिशात ठेवलाय.

पुढचे प्रश्न.

देव जेवतो का? ताटातलं कमी होतं का? मी सांगितलं, मला माहीत आहे तेवढं. ताट त्याच्यासमोर ठेवायचं, तो नजरेने घेतो, उरलेलं आपलं, त्याला प्रसाद म्हणायचं आणि दारात येईल त्याला द्यायचं. ते म्हणाले, "छान सोय आहे. देवाचंही पोट भरतं आणि शेजाऱ्याचंही."

त्यांच्याकडे एक फळी आहे. उत्तम लाकूड, पण वाकडी. त्यांना कोणी सांगितलंय की तुमच्यात जे काही वाकडं होतं ते मागच्या जन्माच्या कर्माने. तर या फळीने काय केलं होतं, असं ते विचारतात.

पूजा करणारा बसतो की उभा राहतो? बसत असेल तर बसल्यावर जमिनीपासून डोळ्यांपर्यंत किती? मी म्हटलं, लगेच बसते, घ्या माझं माप. नको म्हणाले. "तू अजून शिकतेयस. जो रोज करतो त्याचं माप आण." म्हणजे तुझं.

आणि शेवटचा प्रश्न. हा विचारू की नको असं मला झालं होतं. कारखान्याच्या कोपऱ्यात चादर टाकलेलं काहीतरी आहे. भुसा पडू नये म्हणून असेल, असं मी समजत होते. काल पुसायला म्हणून चादरीला हात लावला तर ते पटकन म्हणाले, "ते राहू दे." सासूबाईंचं शिवणयंत्र आहे. चार वर्षं तसंच. थोड्या वेळाने स्वतःच बोलले. "तुझ्या मामाला विचार, त्याची बायको आता कुठे आहे असं तुमचा धर्म सांगतो?"

तुला वाईट वाटणार असेल तर हा प्रश्न सोडून दे.

बटण

◆

१४ एप्रिल

मामा,

तीन आठवडे झाले. आईने फोन केला तर तू म्हणालास सर्दी आहे. तुला सर्दी झाली की तू सगळ्या गावाला काढे विचारत सुटतोस, त्यामुळे ते मला पटलेलं नाही.

माझं चुकलंच. तो प्रश्न मी गिळून टाकायला हवा होता. रागाव, पण लिहून रागाव.

सासरे रोज विचारतात, पत्र आलं का. देवघराचं पुढे काय, असं मी विचारलं तर म्हणतात, थांबलंय.

बटण

◆

२० एप्रिल

बटण, माझ्या बाई,

रागावलो नाही. लाज वाटत होती, आणि लाजेला काढा नसतो.

मी तुला थापा मारल्या. पूजा, चहा, पेपर, त्यातला चहा आणि पेपर तेवढा खरा. तुझी मामी शेवटचं दवाखान्यात जायला निघाली, त्या सकाळी तिने देव आपल्या जुन्या साडीच्या पट्ट्यांत एकेक करून गुंडाळले आणि डब्यात ठेवले. मी म्हटलं, हे कशाला, मी करीन की पूजा. ती म्हणाली, "तुम्ही? तुम्ही टेप लावून आंघोळ घालाल त्यांना. असू देत, मी आले की सोडीन." दोन वर्षं तो डबा कपाटात होता. त्या गाठी तिच्या हातच्या होत्या, बटण. त्यानंतर तिच्या हाताने दुसरं काही केलं नाही. मला त्या सोडवेनात.

म्हणून तू मापं मागितलीस तेव्हा मी कापडावरूनच मोजले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा खोटी मोजणी केली आणि तीही देवांची.

मग तुझ्या सासऱ्यांनी पाणी विचारलं. गुंडाळलेल्या देवाला आंघोळ कशी घालणार? एक सकाळभर बसून गाठी सोडवल्या. कात्री लावली नाही. पट्ट्या धुऊन घडी करून ठेवल्यात. आणि त्यानंतर जे झालं ते मी तुला मोजणीच्या नावाखाली लिहिलंच आहे. खरं म्हणजे आंघोळ घालताना मी मोठ्याने रडलो आणि मग टेप ओली झाली म्हणून मोठ्याने हसलो. तिने सांगितलं होतं अगदी तसंच चाललं होतं. ज्योत चार सकाळी मोजली असं लिहिलं. आता चाळीस होतील. पट्टी कधीच बाजूला ठेवली. कुंडीत पांढरी फुलं आलीत, रोज दोन, रविवारी तीन.

सुतारबाबांची फळी. त्यांना सांग, फळी वाकडी का झाली ते झाडाला माहीत. कर्म म्हणजे नशिबाकडे बोट दाखवणं नव्हे. कर्म म्हणजे करणं. फळी समोर आली, आता ती नीट रंधणं हा त्यांचा धर्म, आणि कोणी वाहवा करो न करो, ते मन लावून केलं की झाली पूजा. मोजणी करताना मी रोज तेच करत होतो, मला फक्त ठाऊक नव्हतं.

आता तिचं. पुस्तकातलं उत्तर मला पाठ आहे. आत्मा मरत नाही. केलेलं उगवेपर्यंत पुन्हा पुन्हा जन्म, आणि उगवायचं काही उरलं नाही की सुटका, तिला मोक्ष म्हणायचं. त्यासाठी कोणी ज्ञानाची वाट धरतो, कोणी भक्तीची, कोणी कामाची. हे लिहायला बसलो आणि तीन आठवडे पेन पुढे जाईना. मग एका सकाळी गंध उगाळताना वाटलं, तुझ्या मामीला मोक्ष मिळाला नसणार. काम अर्धवट टाकून निघून जाणं तिला कधी जमलं होतं? पुन्हा जन्मली असेल तर आता पावणेदोन वर्षांची असेल आणि कुठल्यातरी घरात सगळ्यांना कामाला लावून स्वतः मधोमध बसली असेल. हे खरं की खोटं मला माहीत नाही. पण त्या दिवशी मी चहा दोनदा केला, इतकं बरं वाटलं. हे सुतारबाबांना असंच्या असं सांग.

माझं माप, मांडी घालून बसल्यावर जमिनीपासून डोळ्यांपर्यंत चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. पाठ पूर्वीसारखी ताठ राहत नाही.

शेवटची गोष्ट लिहायला हात जड झालाय. देव तुझे आहेत, शब्द मी दिलाय, आणि आता मला ते देववत नाहीत. दोन वर्षं डब्यात ठेवले तेव्हा कोणीही नेले असते तर चाललं असतं. आता सकाळी सातला ते माझी वाट बघतात असं वाटतं. तू हट्टाने मागितलेस तर देईन. पण तू मागू नयेस अशी विनंती करतो. मामाने भाचीला विनंती करायची वेळ आली, बघ.

तुझा मामा

◆

२ मे

मामा,

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना मी तुझं पत्र वाचलं आणि चष्मा काढून रडले. त्यांना वाटलं, दुकान बंद पडतंय.

आता तू ऐक. संध्याकाळी पत्र घेऊन कारखान्यात गेले. सासऱ्यांनी पूर्ण ऐकलं. मग खिशातून तुझा पहिला, चुकीच्या मापांचा कागद काढला. "मला त्याच दिवशी कळलं होतं," म्हणाले. "पाच मूर्ती, घेर सगळ्यांचा एक. एकतर त्या बाटल्या आहेत, नाहीतर गुंडाळलेल्या आहेत. आणि मोजणीचा माणूस गुंडाळलेली वस्तू तशीच मोजतो, तेव्हा त्याला ती सोडवत नसते. माझ्या कोपऱ्यात एक आहे, मला ओळखता येतं."

म्हणजे पाणी, ज्योत, सगळं तुझ्यासाठी होतं! पाणी लाकडाला लागू नये एवढं तर शिकाऊ सुतारालाही कळतं, म्हणाले. तुला देव उघडल्याशिवाय उत्तर देता येणार नाही असे प्रश्न त्यांनी शोधून काढले होते आणि ते मी मेली भाबडेपणाने दर पंधरवड्याला पोचवत होते.

देवघर तयार आहे. डोळ्यांची उंची चौऱ्याहत्तर धरून बांधलंय. माझी त्याहून कमी भरते, मी बसून बघितलं, मला मान वर करावी लागते. मी तक्रार केली तर म्हणाले, "तुझ्यासाठी बांधलंय असं कोण म्हणालं?"

तेव्हा मामा, देव कुठेही जाणार नाहीत. मामी "देव तुला" म्हणाली होती, केव्हा ते म्हणाली नव्हती. मला घाई नाही.

देवघराचे सुटे भाग करून सासरे स्वतः घेऊन येतायत, सात तारखेला. माल पाठवणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नाही. गाडी दोनदा बदलायची आहे, वय अडुसष्ट आहे, कोणाचं ऐकत नाहीत. तुम्ही दोघं एकमेकांना शोभता.

ती वाकडी फळी त्यांनी शेवटी सरळ केली. उरलेल्या तुकड्याचं एक छोटंसं घर केलंय, आतून उंची सात, खोली आठ. ते मात्र तुझं, असं मला म्हणतात, पण कशासाठी ते सांगत नाहीत. मी त्यात सुपारी ठेवीन. तूच लिहिलंयस ना, बोलावलं की तो येतो.

लग्नाला यायचं आहे. विनंती नाही, हुकूम.

बटण

◆

१२ मे

चि. बटण,

व्याही येऊन गेले. तीन दिवस राहिले. मला कमी ऐकू येतं आणि ते कमी बोलतात, त्यामुळे आमचं छान जमलं.

देवघर पूर्वेच्या खिडकीशी बसवलं. एकही खिळा नाही, सगळे सांधे. मी लेव्हल लावून बघितली, फुगा अगदी मधोमध. तसं म्हटलं तर त्यांना थोडा राग आला. म्हणाले, "मी बांधलेलं तपासता?" मी म्हटलं, सवय आहे. मांडी घालून समोर बसलो, तर देव बरोबर डोळ्यांसमोर. ना वर, ना खाली. इतकी वर्षं मी लोकांच्या हद्दी लावून दिल्या, पण माझ्या नजरेचं माप घेऊन कोणी काही बांधेल असं कधी वाटलं नव्हतं.

सकाळी पूजेला ते शेजारी स्टुलावर बसायचे. हात जोडले नाहीत, जोडा असं मी म्हटलंही नाही. दुसऱ्या दिवशी बाल्कनीतून दोन फुलं त्यांनीच आणून दिली. प्रसादाची साखर हातावर घेतली आणि विचारलं, यावर आता माझा हक्क का? मी म्हटलं, दारात येईल त्याचा. निघताना म्हणाले, "घरी गेलो की ती चादर धुवायला टाकतो. सुनेच्या पडद्यांना टीप मारायला यंत्र लागेलच." तू पडदे शिवणार आहेस असं यावरून कळतं. मन लावून शिव.

आता त्या छोट्या घराबद्दल. आतून उंची सात, खोली आठ, असं तू लिहिलंस. सुपारीला एवढी जागा लागत नाही, बटण. भिंतीवरचा माझा दुसरा कागद आठव. उंची पाच, लांबी सहा, आणि वर सुतार सोडतो तेवढी दोनाची मोकळी जागा. व्याही तीन दिवस माझ्याकडे होते आणि त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. मीही बोललो नाही. पण स्टेशनवर गाडी सुटताना मी त्यांना खूण केली, खिशावर हात ठेवून. ते हसले.

चार जण माझ्याकडे राहतील. पाचवा मुळातच रांगता आहे. तुझ्या मामीने त्याला तसाच का निवडला असेल, ते मला आता कळतंय. त्याला कधीतरी घर ओलांडून जायचंच होतं. काल त्याला सांगितलं, "बाळ्या, चल, बटणाकडे जायचंय." काही बोलला नाही. कबूल असावं.

तेवीसला पोचतो. त्याला कापडात बांधून आणणार नाही. सदऱ्याच्या वरच्या खिशात बसवून, डोकं बाहेर ठेवून आणतोय. सगळा रस्ता त्यालाही दिसू दे.

तुझा मामा